अंतरपाटाची कड

१२ एप्रिल

...आणि मी चुलीतली राख पाटीत भरत होते. मंद्रूपचं आमचं घर, सकाळची वेळ. शेण काढून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, दूध तापवून उतरवलं होतं. आई भाकरीला बसायच्या आत राख बाहेर टाकायची तेवढी राहिली होती. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. तेवढ्यात दारात सायकल थांबली आणि कुणीतरी म्हणालं, "टॉवेल घ्या, सोलापुरी टॉवेल." आई म्हणाली, "बघ गं, चांगला हाय का." मी पदराला हात पुसले. त्याने पुढे केलेला टॉवेल उलटा करून बघितला आणि म्हटलं, "कड वाकडी शिवलीय." तो हसला. आईने तरी एक घेतलाच.

वीस दिवसांनी माझं लग्न झालं. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला आणि समोर तोच टॉवेलवाला उभा!

हे आज आठवलं ते सारजाबाईंमुळे. पायलचं लग्न ८ मेला आहे. मुलगा ऋतुराज, वैरागचा, बार्शीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक आहे. सारजाबाई त्याची आजी. फेब्रुवारीत साखरपुड्याला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता अंतरपाट पडंस्तवर येकमेकांचं तोंड बघायचं न्हाय. फोनवर बोला, पर त्यो व्हिडिओ न्हाय. आमच्यात असंच हाय." मी म्हटलं, "आमच्यातही असंच आहे." शब्द दिला. ह्यांना, पायलच्या वडिलांना, जाऊन सात वर्षं झाली. बाई एकटी आहे, तिचा शब्द कुणीही फिरवेल, असं कुणाला वाटायला नको.

आज फोटोवाला प्रभु आला होता. "काकू, आजकाल सगळेच फर्स्ट लूक करतात. सकाळी सहाला तलावाकाठी. नवरदेव पाठमोरा उभा, नवरी मागून येणार, तो वळणार. तुम्ही बघाच, डोळ्यांत पाणी येतंय."

म्हटलं, "प्रभु, डोळ्यांत पाणी यायचं ते मांडवात येईल. वळायचंय तेही तिथंच वळू दे."

पायल नुकतीच रक्त तपासायच्या लॅबमधून कामावरून आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "आई, फोटो जाऊ दे. पण मला लग्नाआधी एकदा ऋतुराजला भेटायचंय. समोरासमोर."

"फोनवर बोल की."

"फोनवर नाही."

"मी शब्द दिलाय, पायल."

ती स्कूटीचे हातमोजेही न काढता आत गेली. प्रभुने तिच्या डोक्यात भलतंच भरवून ठेवलंय.

१५ एप्रिल

आज ट्रंकेतून पांढरं कापड काढलं. हे ह्यांच्या हातचं. पायल बारावी झाली तेव्हा मालकांना विचारून मागावर अडीच मीटर साधं कापड विणलं होतं. "आपल्या लग्नात अंतरपाट उसना आणलेला. हिचा घरचा असू दे," म्हणाले होते. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. एकही डाग नाही.

कड मी घालणार. सतरा वर्षं टॉवेलच्या कडा शिवतेय. आमच्या शेडमध्ये ढिगातून माझा टॉवेल ओळखू येतो, हे मी नाही, सुपरवायझर म्हणतो.

माझ्या थोरल्या नणंद सिद्धेश्वरीवन्सं लग्नासाठी महिनाभर राहायला आल्या आहेत. त्या म्हणाल्या, "वैजंता, राग नगं धरू. पर अंतरपाट सवाष्णीनं शिवावा."

"विणला कुणी, वन्सं? तुमच्या भावाने. मग त्याची कड दुसरं कुणी घालणार नाही."

वन्सं उठल्या. मग म्हणाल्या, "चहा तरी मला करू दे की नगं?" आम्ही दोघी हसलो.

संध्याकाळी पायलला म्हटलं, एक टोक धर, मापून बघते. तिने हातमोजा काढला, टोक धरलं आणि दारात उजेडाला उभी राहिली. म्हणाली, "आई, बघ की." मी बघितलं. एका बाजूला कड दोन सूत आत गेली होती. तेवढी उसवून परत घातली. नीट झालं म्हणून सांगायला वर बघितलं, तर ती आत निघून गेली होती.

हल्ली हिला कशाचंच कौतुक नाही.

१९ एप्रिल

ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं लग्नाच्या आधीच मागाच्या पट्ट्यात गेली होती. सगळी कामं करायचे. फक्त शर्टाचं गळ्याचं बटण लागत नसे. ते एकवीस वर्षं मी लावलं, रोज सकाळी साडेसहाला, शिफ्टला निघताना. अजून साडेसहा वाजले की मी हातातलं काम खाली ठेवते. मग लक्षात येतं आणि परत उचलते. दुःख म्हणून सांगण्यासारखं काही नाही, पण रोजचं आहे म्हणून लिहिलं.

पायलच्या पिशवीत मलमाची ट्यूब दिसली. "काय गं?" तर म्हणाली, "उन्हाचं." बरोबर आहे, दिवसभर रबरी मोजे आणि वर हे ऊन. घरात पण लांब बाह्यांचे कुडते घालते. म्हटलं, शिजून निघशील. तर म्हणाली, "आई, परत विचारते. वैरागला जाऊन येऊ का? एक तास."

मी म्हटलं, "एका तासाने असं काय होणार आहे?"

"काहीही होऊ शकतं," म्हणाली. फिल्मी बोलणं.

२२ एप्रिल

ऊन ४३. पत्रिका वाटल्या. पाय दुखतात.

२५ एप्रिल

आज दुपारी जे झालं ते झालं तसं लिहिते.

वन्सं मेंदीवालीशी फोनवर बोलत होत्या. "दोन्ही हातांना कोपरापातूर. पाठीमागनं लई भरगच्च पायजे. कातडं दिसता कामा नये." मला हसू आलं. म्हटलं, "वन्सं, हाताला मेंदी काढायचीय का सतरंजी विणायचीय?"

त्या हसल्या नाहीत. पायलकडे बघितलं. पायल माझ्याकडे बघत होती. मग उठून मोरीत गेली, हात साबणाने धुतले आणि माझ्यापुढे येऊन उजवा हात धरला. पालथा.

अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत पांढरा डाग. कडेला वेडावाकडा, एखाद्या नकाशासारखा.

"मार्चपासून आहे. डॉक्टरांना दाखवलंय. कोड आहे. रोज त्यावर रंग लावून जात होते. आत्याला न्हाणीत दिसलं."

माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "लग्न." तेवढंच निघालं. आणि मनात दुसरं काय आलं तेही लिहिते, कारण ही वही माझी आहे. मनात आलं, बरं झालं मी शब्द दिलाय. अंतरपाट पडेपर्यंत कुणी बघणार नाही.

वन्सं तेच म्हणाल्या. "अक्षता पडू दे. मग कोन काय करतंय? तवर मेंदी हाय की."

"आत्या, मेंदी आठ दिवसांत उतरते," पायल म्हणाली. "नंतर काय, दर आठवड्याला मेंदीवाली बोलवू?"

मी म्हटलं, "मग फोनवर सांग त्याला."

"फोनवर सांगितलं तर तो लगेच 'काही नाही, काही नाही' म्हणेल. चांगला आहे तो. पण न बघता म्हटलेलं मला नको, आई. हो म्हणू दे, नाही म्हणू दे. पण बघून म्हणू दे."

मग आवाज खाली करून म्हणाली, "तुला दोनदा दाखवायला आले."

मला एकच वेळ आठवते. ती दारात उभी होती, आणि मी कड बघत होते.

२६ एप्रिल

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. वाचायला शिकले ते टॉवेल बांधायच्या रद्दीवर. हे पाळीवरून येताना न चुरगळलेले कागद निवडून आणायचे. त्यामुळे मला कुणी काही सांगितलं की ते छापलेलं बघितल्याशिवाय पटत नाही. आज वाचनालयात गेले. तिथल्या तिप्पण्णांना म्हटलं, कातडीच्या रोगांचं पुस्तक द्या. "कादंबरी नको का आज?" म्हणाले. तिथेच उभी राहून वाचलं. हात लावल्याने होत नाही. जेवणातून होत नाही. कुणाच्या पापाने होत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं नाही, पण मी आपलं धरून चालते. डाग वाढेल किंवा थांबेल, औषधाने भरेल किंवा भरणार नाही. यात लपवावं असं काय आहे? तरीही काल दुपारी मी मनात लपवलंच होतं.

परत येताना ह्यांचं बोलणं आठवलं. लग्नानंतर दोन वर्षं मी ह्यांना टोचून बोलायचे, चोरून पोरगी बघायला आलात म्हणून. एक दिवस बटण लावताना म्हणाले, "बघायला न्हाय आलतो. दाखवायला आलतो."

मधल्या माणसाने आमच्या घरी बोटांचं सांगितलंच नव्हतं. ह्यांना ते कळलं. मग दुसऱ्याची सायकल घेतली, टॉवेल घेतले आणि सोलापूरहून मंद्रूपला आले. माझ्यापुढे टॉवेल धरला तो मुद्दाम उजव्या हाताने. मी तीन बोटांचा हात बघून काही विचारलं की आपण कोण ते सांगायचं, आणि नको असेल तर मी आईला नको म्हणावं, असं ठरवून.

"आन तू?" म्हणाले. "तू टॉवेलची कड बघितलीस."

मी तेव्हा खूप हसले होते. आज नाही आलं हसू. पायल बापावर गेलीय आणि मी होते तिथेच आहे.

शब्द सारजाबाईंना दिलाय. परत मागायचा तर त्यांच्याकडेच मागायला हवा. चोरून भेटवणार नाही.

२९ एप्रिल

सकाळच्या एसटीने वैरागला जाऊन आले. पायलला सांगितलं होतं. वन्संना सांगितलं नव्हतं.

सारजाबाई पडवीत चिंचा फोडत बसल्या होत्या. "या इहीणबाई! येवढ्या उन्हाचं? काय मोडलंबिडलं न्हाय न्हवं?"

"मोडलं नाही. पण मी दिलेला शब्द परत मागायला आलेय. पोरांना लग्नाआधी एकदा समोरासमोर भेटू द्या."

"फोटूवाल्यानं सांगितलं व्हय? आमच्याकडंबी एक आलता. म्हनला, आजी, तुमीबी गॉगल लावा."

"फोटो नाही, आजी. पायलला ऋतुराजला काहीतरी दाखवायचंय."

"काय?"

"ते तीच दाखवेल. तिचं आहे. मी आधी सांगितलं तर तिने धीर केला त्याला अर्थ राहणार नाही."

चिंचा फोडायच्या थांबल्या. "तोंडावर हाय?"

"नाही. हातावर."

"भाजलंय?"

"नाही."

माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली नाही. माझ्या लेकीसाठी मान खाली घालण्यासारखं मला काही वाटत नव्हतं, आणि हे मला तिथे पडवीत बसल्यावरच नीट कळलं.

"हे बघा," म्हणाल्या. "तोंड बघायचं न्हाय हे माझ्या सासूनं पाळलं, मी पाळलं, माझ्या सुनंनं पाळलं. त्ये मी मोडनार न्हाय."

मी उठायला लागले.

"बसा की! लई ताठ हायसा तुमी. तोंड म्हनले मी. हाताचं कुटं काय म्हनले?" एक चिंच फोडली, चिंचोके बाजूला केले. "अंतरपाट शिवलाय का?"

"शिवून तयार आहे."

"मग धरू की मधी. तोंड दिसायचं न्हाय. हात खालनं काढंल."

"धरणार कोण?"

"आपुन दोघी. बिनकुंकवाच्या आपुन, मांडवात आपल्याला कोन धरू देतंय? घरात कोन इचारतंय?"

मला हसू आलं आणि रडूही. पाणी मागितलं. त्यांनी गूळ दिला. मी निघताना त्यांनी विचारलं, "आन पोरगं न्हाय म्हनलं तर?"

"तर अंतरपाट घडी करून ट्रंकेत ठेवीन. लेक काही घराबाहेर पडलेली नाही माझी."

"व्हय," म्हणाल्या. "असंच पायजे."

एसटीत खिडकीशी बसले होते. ऊन तोंडावर येत होतं. ह्यांना सांगावं असं फार वाटलं.

२ मे

उद्या सारजाबाई ऋतुराजला घेऊन येणार. वन्सं अबोला धरून आहेत. भाजीत मीठ मात्र नीट पडलं. मी विचारलं नाही तरी पायलने सांगितलं, "झोप येतीय मला, आई. महिन्यात पहिल्यांदाच." मला येत नाही, पण ते तिला सांगितलं नाही.

४ मे

काल दुपारी चार वाजता सारजाबाई आणि ऋतुराज आले. ऋतुराज बाहेरच थांबला. पायल आत होती. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघींनी अंतरपाट धरला. मग सारजाबाईंनी हाका मारल्या, एक त्या बाजूला, एक या बाजूला. दोघं येऊन उभी राहिली. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात. म्हटलं होतं बघणार नाही, पण उभ्या होत्या.

सारजाबाईंची बाजू खाली येत होती. "आजी, जरा वर."

"माझा हात जात न्हाय वर. त्यालाच वाकू दे."

तो वाकलाही. लगेच. तेवढ्याने मला जरा बरं वाटलं.

पायलने अंतरपाटाखालून उजवा हात पुढे केला. पालथा. रंग नाही, मेंदी नाही, बांगडी नाही. आम्ही दोघी कडेला, म्हणून आम्हाला दोन्हीकडचं दिसत होतं. त्यांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं, फक्त तो हात.

ऋतुराजने बघितलं. बराच वेळ बघितलं. "काही नाही" म्हणाला नाही.

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"दुखतंय?"

"नाही. वाढू शकतं पण."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"बघून बोलावंस म्हणून."

 बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. माझ्या हातातली कड घामाने ओली झाली. मग तो म्हणाला, "घाबरलो मी जरा. खोटं नाही बोलत."

"मीपण घाबरले होते," पायल म्हणाली.

"आता?"

"आता तुझी पाळी आहे."

तो हसला. आपला हात पँटला पुसला. नखांत ग्रीस होतं, ते काही निघालं नाही. आणि तिचा हात धरला. डागावरच धरला, डाग चुकवून नाही. "घरच्यांना मी सांगतो," म्हणाला. "आजच सांगतो. तू नको सांगू कुणाला. आठ तारखेला येतो."

सारजाबाईंनी मान वाकडी करून तो हात नीट बघून घेतला. "येवढंच व्हय? मला चार दिस झालं घोर लागलाय, कुनाचं नाव गोंदलंय का काय म्हनून!"

स्वयंपाकघराच्या दारात वन्संना हसू आवरेना. पदर तोंडात घातला तरी ऐकू आलं.

"पुरे रं," सारजाबाई म्हणाल्या. "सोड आता. बाकीचं आठ तारखंला. माझं हात भरून आलं."

त्याने सोडला नाही लगेच. आम्हीही अंतरपाट खाली घेतला नाही. ह्यांनी विणलेलं कापड, मी घातलेली कड. एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. आठ तारखेला ते दुसऱ्या कुणीतरी धरतील आणि मी मागे उभी असेन. चालेल. माझं धरून झालंय.

पायलचा हात अजिबात थरथरत नव्हता. मी या वेळी हातच बघत होते. मंद्रूपला टॉवेल पुढे केला तेव्हा ह्यांचाही थरथरत नसणार. पण ते मला सांगता येणार नाही. मी बघितलाच नव्हता.

आज सकाळी साडेसहाला मी मेंदीवालीला फोन केला. सांगितलं, मेंदी फक्त तळव्याला काढायची.